उशीर कोणाचा?

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की मुंबई-पुण्यातील काही इमारतींवर गुलाबी दिवे लागतात. बँका, विमा कंपन्या आणि सौंदर्यप्रसाधनांचे कारखानदार गुलाबी फिती वाटतात आणि स्तनाच्या कर्करोगाविषयी स्त्रियांना उपदेश करतात : जागरूक राहा, वेळीच तपासून घ्या. या उपदेशात गैर असे काही नाही. परंतु त्यातून एक निष्कर्ष न बोलता निघतो, आणि तो मात्र गैर आहे. रोग उशिरा कळला तर तो उशीर त्या बाईचा, तिच्या अज्ञानाचा, तिच्या संकोचाचा, असे ऐकणाऱ्याच्या मनावर ठसते. शासन, नगरपालिका, कारखानदार, औषध कंपन्या हे सारे त्या हिशेबातून सुटतात.

हा गुलाबी महिना आला कोठून, हे कार्यकर्त्यांना ठाऊक असलेले बरे. १९८५ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटी आणि इंपिरिअल केमिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश रसायन कंपनीचा औषधविभाग यांनी मिळून अमेरिकेत ही मोहीम सुरू केली. स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन हे औषध या कंपनीचे. पॅराक्वाट हे जहाल तणनाशकही तिचेच. टॅमॉक्सिफेनने असंख्य स्त्रियांचे आयुष्य वाढवले आहे, तेव्हा कंपनीला नुसती दूषणे देऊन भागणार नाही. पण ज्यांनी मोहीम उभारली त्यांना सोयीचे तेवढेच प्रश्न त्या मोहिमेत अग्रभागी राहिले, हेही खरे. श्रमाची परिस्थिती, औषधाची किंमत, इस्पितळाचे अंतर हे विषय गुलाबी फितीत बसत नाहीत.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतातील सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना या रोगाचे निदान झाले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्या भारतीय स्त्रियांपैकी पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ६६ टक्के होते. अमेरिकेत ते ९० टक्के होते. रोगाच्या प्रकारांत देशोदेशी थोडाफार फरक असतो, पण एवढी मोठी दरी त्याने पडत नाही. ती पडते मुख्यतः दोन कारणांनी : रोग पुढे सरकल्यावर स्त्री इस्पितळात पोहोचते, आणि पोहोचल्यावर तिचा उपचार पुरा होत नाही.

स्तनातील गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. जे दुखत नाही त्यासाठी मजुरी बुडवायची कोणी? ज्या सुमारास मुंबई गुलाबी होते त्याच सुमारास, दसरा उलटला की, बीड जिल्ह्यातील ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडण्याच्या तयारीला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातली बाई आजारी पडली तर कोयता अर्धा होतो आणि बुडालेल्या दिवसाचा खाडा उचलीच्या कर्जात चढतो. अशा बाईने पाचटाच्या खोपीतून उठून, अनोळखी तालुक्यात, ग्रामीण रुग्णालयाच्या रांगेत उभे राहावे, तेथून जिल्ह्याला जावे, सुईने काढलेल्या नमुन्याचा अहवाल कधी येईल याची वाट पाहावी, आणि तोवर मुकादमाने थांबावे, अशी अपेक्षा फलक लावणारे करतात. ती बाई अज्ञानी नाही. एका दिवसाच्या गैरहजेरीचा भाव तिला इतर कोणाहीपेक्षा अचूक ठाऊक आहे.

स्त्रियांनी स्वतःच स्वतःची तपासणी शिकावी, म्हणजे प्रश्न सुटेल, असेही पुष्कळ वर्षे सांगितले गेले. या कल्पनेची परीक्षा चीनमधील शांघाय शहरात फार मोठ्या प्रमाणावर झाली, आणि तीही कापडगिरण्यांतील कामगार स्त्रियांवर. ५१९ कारखान्यांतील २ लाख ६६ हजार स्त्रियांचे दोन गट केले गेले. एका गटाला स्वतपासणीचे कसोशीने शिक्षण दिले, पुनःपुन्हा उजळणी करून घेतली. दहा वर्षांनंतर, २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतील मृत्यू जवळजवळ सारखेच होते; शिकवलेल्या गटात निरुपद्रवी गाठी मात्र अधिक कापल्या गेल्या. आपल्या शरीराची ओळख स्त्रीला असू नये असा याचा अर्थ नव्हे. स्तनातील बदल लक्षात येताच तिने बोलावे, दाखवावे, हे हवेच. पण त्या ओळखीच्या भरवशावर शासनाला हात झटकता येणार नाहीत, एवढे शांघायच्या गिरणीकामगार स्त्रियांनी सिद्ध करून दिले.

मग काय उपयोगी पडते? याचे एक उत्तर खुद्द मुंबईतून आले आहे, आणि त्याची चर्चा महाराष्ट्रात जेवढी व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही. टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी १९९८ साली मुंबईतील गरीब वस्त्यांत एक चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रिया तीत सामील होत्या. वस्त्यांचे वीस गट पाडले. दहा गटांत दर दोन वर्षांनी एकदा, अशा चार फेऱ्यांत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी स्त्रियांचे स्तन हाताने तपासले. या सेविका डॉक्टर नव्हत्या. त्यांच्याजवळ क्ष-किरणांचे यंत्र नव्हते. होते ते शिकवलेले हात, वस्तीत पुनःपुन्हा जाण्याचे काम, आणि शंका आली तर रुग्णाला पाठवण्यासाठी मागे उभे असलेले एक सार्वजनिक इस्पितळ. उरलेल्या दहा गटांत माहिती देऊन नुसती पाहणी ठेवली गेली.

वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०२१ साली, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष छापून आले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेत सापडलेल्यांचे प्रमाण ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. सर्व वयांचा एकत्र हिशेब केला तर घट १५ टक्क्यांची दिसते, पण ती योगायोगानेही आली असेल असे संख्याशास्त्र म्हणते. आणि पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यू घटल्याचे दिसले नाही. ही मर्यादा लपवण्याचे कारण नाही. कोणताही दावा फुगवून सांगितला की तो पुढे उलटतो, हा अनुभव चळवळींना पुरेसा आहे. आणखी एक आकडा येथे पुन्हा वाचण्यासारखा आहे. दुसऱ्या गटातील ते ४७ टक्के परळच्या कर्करोग रुग्णालयापासून लोकलच्या अंतरावर राहणाऱ्या स्त्रियांचे आहेत. मुंबईत ही स्थिती, तर अक्कलकुव्याच्या किंवा एटापल्लीच्या बाईचे काय होत असेल याचा अंदाज कोणीही करावा.

श्रीमंत देशांत यासाठी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचे क्ष-किरण चित्र, वापरतात. भारतात रोग तुलनेने तरुण वयात दिसतो आणि तरुण स्त्रीचे स्तन दाट असल्याने त्या चित्रात गाठ सहज निसटते. शिवाय यंत्र, तंत्रज्ञ, चित्र वाचणारा तज्ज्ञ आणि वीज या चारही गोष्टी एका ठिकाणी एका वेळी असाव्या लागतात. शहरातील एखाद्या मंडळाने वर्षातून एकदा मॅमोग्राफीची गाडी आणून छायाचित्रे काढून घेणे वेगळे आणि दोन दोन वर्षांनी त्याच बाईच्या दारात जाणे वेगळे.

केंद्र सरकारने २०१६ साली तीस वर्षांवरील सर्वांची मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तपासणी करण्याचे धोरण आखले. कागदावर ते उत्तम आहे. स्तनांची तपासणी हातानेच करावयाची, पण पाच वर्षांतून एकदा. मुंबईच्या चाचणीत ती दर दोन वर्षांनी होती, देखरेखीखाली होती. आणि प्रत्यक्षात काय झाले? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांना विचारले गेले की स्तनाच्या कर्करोगासाठी आजवर कधी तपासणी झाली आहे काय. 'होय' म्हणणाऱ्या होत्या ०.९ टक्के. शंभरात एकही नाही.

या धोरणाचा पहिला टप्पा ज्यांच्या खांद्यावर आहे त्या आशा कार्यकर्त्या. प्रत्येक घरी जाऊन त्यांनी एक प्रश्नावली भरावयाची असते. स्तनात गाठ आहे काय, बोंडातून रक्त येते काय, आकारात बदल झाला आहे काय, हे त्यातलेच प्रश्न. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत भरलेल्या एका प्रश्नावलीमागे दहा रुपये असा मोबदला आहे. एक बाई दुसऱ्या बाईला, सासू दाराआड उभी असताना, तिच्या छातीविषयी विचारते, विश्वास मिळवते, संकोच घालवते, आणि या अवघड कामाची किंमत दहा रुपये! या कार्यकर्त्यांना कर्मचारी म्हणावयास सरकार आजही तयार नाही. त्या 'स्वयंसेविका' आहेत. २०२४ च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत महाराष्ट्रातील आशांनी संप केला, आझाद मैदानावर ठाण मांडले, तेव्हा कोठे दरमहा ५ हजार रुपयांच्या वाढीचा शासन निर्णय हाती पडला. कर्करोगाच्या लवकर निदानाविषयी ज्यांना आस्था आहे त्यांनी त्या मैदानावर जाणे हे कोणत्याही फलकापेक्षा अधिक उपयोगाचे होते. किती लोक गेले?

प्रश्नावलीनंतरची तपासणी उपकेंद्रात. उपकेंद्राला २०२३ पासून 'आयुष्मान आरोग्य मंदिर' म्हणतात. नाव बदलायला हरकत नाही; पण मंदिरात एक खाट, एक पडदा, एक बंद होणारे दार आणि तपासणी शिकलेली एक स्त्री एवढे असले पाहिजे. पडदा नसेल तर बाई चोळीची गाठ सोडणार नाही, आणि तो दोष तिचा नव्हे.

समजा, गाठ सापडली. तेथून खरी वाट सुरू होते आणि बहुतेक स्त्रिया याच वाटेवर हरवतात. जागतिक आरोग्य संघटनेने असे प्रमाण ठरवून दिले आहे की तक्रार घेऊन आल्यापासून साठ दिवसांत निदान पुरे व्हावे, किमान साठ टक्के रुग्ण पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत सापडावेत आणि ऐंशी टक्के रुग्णांचा ठरलेला उपचार पूर्ण व्हावा. आपल्याकडे साठ दिवस मोजतो कोण? तालुक्याचा डॉक्टर जिल्ह्याला पाठवतो. जिल्ह्यात सोनोग्राफीची तारीख मिळते. नमुना दुसऱ्या शहरी जातो. मधल्या मध्ये एखादा खासगी शल्यविशारद नमुना न तपासताच गाठ काढून टाकतो आणि मोठ्या इस्पितळात पोहोचेपर्यंत रोगाची मूळ स्थिती काय होती हे सांगणे कठीण होऊन बसते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने शस्त्रक्रियेचा आणि औषधोपचाराचा भार पुष्कळ हलका केला, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती मुख्यतः इस्पितळात दाखल झालेल्या, निदान झालेल्या रोग्याची योजना आहे. गाठ कसली हे ठरेपर्यंतचा खर्च, एसटीचे भाडे, सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी बहुधा घरच्याच अंगावर पडते. उशीर जेथे होतो नेमके तेथे योजना नाही.

अंतराचा परिणाम तर शरीरावरच होतो. लवकर सापडलेल्या रोगात नुसती गाठ काढून स्तन वाचवता येतो. मात्र त्यानंतर किरणोपचार घ्यावाच लागतो, आणि तो काही आठवडे रोज असतो. जिच्या जिल्ह्यात किरणोपचाराचे यंत्र नाही तिच्यापुढे महिनाभर परगावी राहा किंवा सबंध स्तन काढून टाका, एवढेच पर्याय उरतात. बाई दुसरा पर्याय निवडते आणि कागदावर 'रुग्णाची इच्छा' अशी नोंद होते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीने योग्य रुग्णांत आठवडाभराचे पाच किरणोपचारही तितकेच गुणकारी ठरतात असे दाखवले आहे. असे शोध गरीब देशांनी सर्वांआधी अंगीकारावयास हवेत. ग्रामीण भागात काय करता येते याचा दाखला हवा असेल तर सोलापूर जिल्ह्यातील बार्शीकडे पाहावे. तेथे टाटा स्मारक केंद्राच्या मदतीने १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे आणि गावोगाव जाऊन लोकांशी बोलण्याचे काम झाले आहे. प्रश्न असा की बार्शी एकच का?

औषधांची कथा तर राजकारणाचीच कथा आहे. काही स्त्रियांच्या कर्करोगावर ट्रास्टुझुमॅब हे औषध फार गुणकारी ठरते. रोश कंपनीची मक्तेदारी होती तेव्हा भारतातील सामान्य स्त्रीला ते स्वप्नातही परवडणारे नव्हते. २०१२ पासून स्त्रिया, रुग्ण आणि आरोग्य कार्यकर्ते यांनी या किमतीविरुद्ध मोहीम चालवली. सक्तीच्या परवान्याची चर्चा सरकारात सुरू झाली. २०१३ मध्ये कंपनीने आपला पेटंटचा दावा सोडला आणि भारतीय कंपनीचे तुल्य औषध बाजारात आले. पुढे देशातील कर्करोग रुग्णालयांच्या राष्ट्रीय जाळ्याने एकत्रित खरेदी केली, तेव्हा चाळीस औषधांच्या खरेदीत सुमारे ८२ टक्के बचत झाली. म्हणजे आधीची किंमत कशाची होती, हे वेगळे सांगावयास नको. लढा मात्र संपलेला नाही. केरळमधील एका रुग्ण स्त्रीने रायबोसिक्लिब या पेटंट असलेल्या औषधासाठी सक्तीचा परवाना द्यावा म्हणून उच्च न्यायालयात धाव घेतली. त्या एका औषधावर तिला महिन्याला ५८ हजारांहून अधिक रुपये लागत होते. २०२२ साली, याचिका प्रलंबित असतानाच, तिचा मृत्यू झाला. न्यायालयाने प्रकरण आपणहून पुढे चालू ठेवले.

याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवावी. टाटा स्मारक रुग्णालयाच्या नेतृत्वाखाली भारतातील अकरा केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर एक प्रयोग झाला. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेन हे साधे बधिर करणारे औषध टोचावयाचे, एवढाच तो प्रयोग. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्के झाले. खर्च रुग्णामागे शंभर रुपयांहून कमी. हे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. अशा औषधात कोणत्याही कंपनीला नफा नाही, म्हणून त्याचा प्रचार करावयास कोणी गाडी काढणार नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संशोधनाची गरज काय, असे विचारणाऱ्यांना हे एक उदाहरण पुरे.

प्रतिबंधाविषयी मात्र जपून बोलले पाहिजे. या रोगाला लस नाही. सुमारे निम्म्या रुग्णांत स्त्री असणे आणि चाळिशी उलटणे यांखेरीज कोणतेही विशेष कारण आढळत नाही. मद्य आणि पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा धोका वाढवतात. स्तनपान तो कमी करते, आणि जितके अधिक काळ तितका अधिक. यावर काही संस्कृतिरक्षक लगेच म्हणतात, मुली उशिरा लग्ने करतात, नोकऱ्या करतात, म्हणून हे भोग. हा युक्तिवाद तेथल्या तेथे खोडला पाहिजे. स्तनपानाचा एवढा पुळका असेल तर वीटभट्टीवरच्या, बांधकामावरच्या, घरकाम करणाऱ्या बाईला पगारी बाळंतपणाची रजा द्या. २०१७ च्या दुरुस्तीने मिळालेले सव्वीस आठवडे संघटित क्षेत्रातील मूठभर स्त्रियांपुरतेच आहेत. रात्रपाळीचेही तसेच. शरीराचे घड्याळ बिघडवणारी रात्रपाळी 'बहुधा कर्करोगकारक' असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली म्हटले आणि २०१९ साली तेच मत कायम ठेवले. डेन्मार्कमध्ये दीर्घकाळ रात्रपाळी केलेल्या काही रुग्ण स्त्रियांना नुकसानभरपाई मिळाली. आपल्याकडे स्त्रियांना रात्री कामावर बोलावण्याची मुभा कायद्याने वाढत गेली. तिच्याबरोबर पाळ्यांचे चक्र कसे असावे, सलग किती रात्री असाव्यात, याची चर्चा कामगार संघटनांनीही फारशी केलेली नाही. परिचारिकांच्या संघटनांनी तरी ती उचलावी.

आणि उपचार झाल्यावर? काखेतील ग्रंथी काढल्या की पुष्कळ स्त्रियांच्या हाताला सूज येते, खांदा वर जात नाही. वेळीच व्यायाम शिकवला, दाब देणारी बाही मिळाली तर हा त्रास बराच आटोक्यात राहतो. तो शिकवणारे माणूस जिल्हा रुग्णालयात असत नाही. कापूस वेचणारीचा, धुणी-भांडी करणारीचा हात म्हणजे तिची रोजी. टॅमॉक्सिफेनची गोळी आज काही रुपयांना मिळते, परंतु ती पाच वर्षे रोज घ्यावयाची असते, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ती नसेल तर दर महिन्याच्या एसटी भाड्यापायी ती सुटते. नवऱ्याने टाकलेल्या, सासरी भांडे वेगळे ठेवले गेलेल्या स्त्रियांबद्दल गावोगाव ऐकू येते. हा रोग स्पर्शाने पसरत नाही, हे सांगण्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा परगावच्या रुग्णांना आसरा देते, पण परळच्या पदपथावर पथारी टाकलेली कुटुंबे अजूनही दिसतात. ज्यांचा रोग बरा होणार नाही त्यांच्या वेदनेचा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. २०१४ साली कायदा सुधारून वेदनाशमनासाठी मॉर्फिन मिळणे सुलभ केले गेले. केरळने २००८ सालीच धोरण करून पंचायतींमार्फत घरोघरी परिचारिका पाठवल्या. हे काम पंचायतीचे आहे, हा विचारच मोलाचा आहे.

१९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा तेल-साखर-रॉकेल हा घरातला प्रश्न सार्वजनिक झाला. स्त्रीचे आजारपण मात्र समाजवादी चळवळीतही बहुतांशी घरातच राहिले. एखादी कार्यकर्ती आजारी पडली की वर्गणी जमवायची, एवढ्यावर भागले. आता जिल्हा परिषदेच्या सभेत, महानगरपालिकेत, दर तिमाहीला काही साधे प्रश्न विचारता येतील. पन्नाशीवरील किती स्त्रियांची प्रत्यक्ष तपासणी झाली? किती गाठी सापडल्या? त्यांपैकी किती जणींचा अहवाल साठ दिवसांत हाती आला? पन्नाशीच्या आतील ज्या स्त्रिया तक्रार घेऊन आल्या त्यांना तपासणीसाठी किती फेऱ्या पडल्या? टॅमॉक्सिफेन कोणत्या केंद्रात संपली आहे? उत्तरे आली नाहीत तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. ऊसतोडीच्या जिल्ह्यांत ही तपासणी टोळ्या निघण्यापूर्वी, सप्टेंबरातच व्हावयास हवी. आणि गाळप हंगामाचे करार होतात तेव्हा, तपासणीस गेलेल्या बाईचा खाडा धरला जाणार नाही, ही अट मुकादमाकडून आणि कारखान्याकडून लेखी घ्यावयास हवी.